सांगाडा भंगारात घालण्याआधी

नारायणगाव, ओतूर, मावळ, नाहीतर खाली शिरोळ-हातकणंगले. यातल्या कुठल्याही रस्त्याने एसटीने निघालं की पांढऱ्या पॉलिहाउसांच्या रांगा दिसतात, आणि त्या रांगेत मधेच एखादं नुसतंच पाइपांचं. वरचा कागद फाटून गेलेला, झिगझॅग स्प्रिंगमध्ये अडकलेल्या चिंध्या फडफडतायत, गटारात पिंपळाचं रोप आणि आत कमरेइतकं गाजरगवत. जेवायला वाढून कुणी उठून गेलं तर ते ताट कसं दिसतं, तसं ते दिसतं.

त्या सांगाड्याची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. कर्ज काढलं, अनुदान आलं, दहा गुंठ्यांत जरबेरा लावला. पहिली दोन वर्षं फुलांनी हप्ते फेडले. मग कागद जुना झाला. २०० मायक्रॉनचा चांगला कागदही आपल्या उन्हात तीन-चार वर्षांच्या पुढे फारसा टिकत नाही. तो बदलायचा म्हणजे हातात एकरकमी पैसा हवा, आणि तेव्हाच नेमका तो नसतो. काहींना मार्च २०२० ची टाळेबंदी आडवी आली. ऐन लग्नसराईत फुलं बाजारात गेलीच नाहीत, तोडून उकिरड्यावर टाकावी लागली. त्यातून सावरायच्या आत ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि मावळ-जुन्नरकडच्या कितीतरी पॉलिहाउसांचे कागद उडवून गेलं. पुढच्या वर्षी तौक्ते. शिवाय लग्नाच्या मांडवात प्लास्टिकची फुलं शिरली ती शिरलीच.

या गोष्टीत बाईचा भाग किती, हे कुणी फारसं बोलत नाही. सकाळी उजाडताना फुलं तोडणं, एकेका फुलाला प्लास्टिकची टोपी घालणं, दहा-दहाच्या जुड्या बांधणं, खोक्यात भरणं, हे सगळं बायकांनी केलं. घरच्या बायकांनी आणि रोजाने आलेल्या बायकांनी. कागद फाटल्यावर मात्र पुढं काय करायचं याचा विचार ओट्यावर बसून पुरुष करतात, आणि तिथे दोनच पर्याय निघतात. एक, पुन्हा कर्ज काढून पूर्ण झाकायचं. दोन, भंगारवाल्याला बोलवायचं. पहिलं जमत नाही, दुसऱ्याला मन होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सांगाडा तसाच उभा. येणारा-जाणारा विचारतो, "काय झालं हो तुमच्या पॉलिहाउसचं?" आणि घरातली माणसं तिकडं बघणंच सोडून देतात.

मैत्रिणींनो, या दोघांच्या मधे तिसरा रस्ता आहे आणि तो स्वस्त आहे. दहा गुंठ्यांचा हट्ट सोडायचा आणि त्यातला एक गुंठा झाकायचा. तोही कागदानेच झाकला पाहिजे असं नाही. आणि वरपर्यंत झाकला पाहिजे असं तर मुळीच नाही.

जरा मुळाकडे जाऊ. काचघर, हरितगृह ही कल्पना थंड मुलखातली. बाहेर बर्फ, आत ऊब, यासाठी ते बांधायचे. आपल्याकडे ऊब कुणाला हवीय? एप्रिल-मेमध्ये झाकलेल्या घरात गेलं की जीव घुसमटतो. आपल्याला तीन गोष्टींपासून आडोसा हवा असतो: उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन, पावसाळ्यातला मार आणि वर्षभर उडणारी पांढरी माशी. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येत नाहीत, आणि प्रत्येकीला वेगळं पांघरूण पुरतं. हिवाळ्यात तर राज्याच्या बऱ्याच भागात भाजीपाल्याला वर काहीच लागत नाही. म्हणजे जो सांगाडा आपल्याला उघडा आणि निकामी वाटतो, तो वर्षातले चार महिने आहे तसाच कामाचा आहे. तो एक तयार, पक्का, लोखंडी मांडव आहे. वेलवर्गीय भाज्यांना बांबू आणि तारेचा मांडव घालायला शेतकरी दर वर्षी पैसे मोजतो. तुमच्याकडे तो फुकट उभा आहे, त्यावर वेल चढवायचा राहिलाय इतकंच.

आता हिशेब. बहुतेक पॉलिहाउसांत एका कमानीची रुंदी आठ मीटर आणि खांब चार-चार मीटरवर असतात. तुमचं वेगळं असेल तर टेप लावून बघा. एक कमान घेतली आणि खांबांचे तीन गाळे धरले, की आठ गुणिले बारा, म्हणजे ९६ चौरस मीटर झाले. जवळजवळ एक गुंठा. एवढाच तुकडा निवडायचा. कुठला? ज्याचे पाइप सरळ आहेत, ज्याच्या जवळ पाणी आहे आणि जो घरातून दिसतो तो. शेवटची अट मुद्दाम घातली आहे. घरातून दिसतं त्याकडे चार वेळा जाणं होतं, दिसत नाही ते राहून जातं.

झाकायचं म्हटलं की सगळे वर बघतात. कमानीचा माथा वीस फुटांच्या आसपास, तिथे चढायचं कुणी? पॉलिहाउसवर कागद चढवताना पडून माणसं अपंग झाली आहेत. तेव्हा वर चढायचंच नाही. खांबांना साडेआठ-नऊ फुटांवर जीआय तार आडवी-उभी ओढून घ्यायची, ताण द्यायचा आणि त्यावर आतल्या आत दुसरा मांडव घालायचा. घोड्याची शिडी पुरते. बाजूच्या भिंती नाहीत, वरची गोलाई नाही, त्यामुळे कापडही कमी लागतं आणि वाऱ्याला धरायला जागाही कमी मिळते. यापेक्षा खाली मात्र आणू नका. सावली डोक्याशी आली की खालची हवा कोंडते आणि रोपं उकडून निघतात.

कृषी सेवा केंद्रात शेडनेटचा जो रोल मिळतो तो बऱ्याचदा तीन मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब असतो. आपल्या तुकड्यावर बारा-बारा मीटरच्या तीन पट्ट्या टाकल्या की आठ मीटरची रुंदी एकमेकींवर थोड्या चढवून झाकली जाते. छत्तीस मीटर गेले, चौदा उरले. ते पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखे लावायचे, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन छताखालून आत शिरतं आणि तेच सगळ्यात जास्त भाजतं. एका रोलमध्ये काम होतं. दुकानदार ७५ टक्के सावलीचं नेट गळ्यात मारू बघेल, "ताई, हे जाड आहे, जास्त टिकतं." ते घेऊ नका. भाजीपाल्याला ३५ ते ५० टक्के पुरे. ७५ टक्क्यांखाली कोथिंबीर उंच वाढते, पण तिचा देठ दोऱ्यासारखा होतो आणि जुडीला वजन येत नाही. भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि रोलवरचं वजन बघा, कारण त्याच टक्क्यांत हलकं नेटही मिळतं आणि ते दुसऱ्याच उन्हाळ्यात पापडासारखं मोडतं.

तेवढेही पैसे नाहीत? मग साड्या. हसू नका. सांगोला-आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा उन्हाने फळ भाजू नये म्हणून जुन्या साड्यांनी झाकतात आणि त्यासाठी साड्या ढिगाने विकत मिळतात. पाचवारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद, म्हणजे सहा चौरस मीटरच्या आसपास. कडा एकमेकींवर घेऊन आपल्या गुंठ्याला वीस साड्या लागतील. भावकीतल्या आणि गटातल्या बायकांनी दोन-दोन दिल्या तरी झालं. नायलॉन, जॉर्जेट चालतात, सुती नको. ती पहिल्या पावसात कुजते. फिकट रंगाच्या निवडा, गडद साडी ताप धरते. एक गोष्ट पाळायची. साडी हे फेब्रुवारी ते मेचं पांघरूण आहे. वळवाचं वारं सुटायच्या आधी, आभाळ काळं दिसायला लागलं की त्याच संध्याकाळी काढून घ्यायच्या. भिजलेली साडी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि तार तोडून जाते. पावसाला अडवणं हे साडीचं कामच नाही.

या उन्हाळी सावलीखाली काय लावायचं, याला आमचं एकच उत्तर आहे: कोथिंबीर. मे महिन्यात, जूनच्या सुरुवातीला बाजारात कोथिंबिरीची जुडी बघून आपणच तोंडात बोट घालतो. उघड्यावर ती त्या उन्हात नीट उगवत नाही म्हणून तर ती महाग. धने रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवून, उपसून, गादीवाफ्यावर ओळीत पेरायचे. चाळीस दिवसांच्या आसपास काढणीला येते. पण सगळा गुंठा एकदम पेरू नका. त्याचे चार भाग करा आणि आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. नाहीतर एका दिवशी सातशे जुड्या आणि पुढचा महिनाभर काहीच नाही, असं होतं. मग व्यापारी म्हणेल तो भाव. चार भाग असले की तालुक्याच्या आठवडे बाजाराला दर खेपेला थोडा माल नेता येतो आणि तो तुम्ही स्वतः विकू शकता. जोडीला मेथी, पालक चालेल. फुलकोबी-टोमॅटोच्या फंदात या उन्हाळ्यात पडू नका.

पावसाळ्यात गणित बदलतं. सावली आता नको, आभाळच पुरेशी सावली धरतं. नेट गुंडाळून माळ्यावर ठेवा. उंदरांपासून वर टांगून ठेवा. आणि तारांच्या मांडवावर जूनमध्ये वेल सोडा. दोडका, कारलं, घोसाळं, पडवळ, दुधी. खांबाखांबांमधून सुतळी खाली सोडायची, वेल तिच्यावर वळवायचा, वर पोचला की तो आपला आपण पसरतो. दोन महिन्यांच्या आत पहिला तोडा मिळतो. फळं खाली लोंबतात, मातीला लागत नाहीत, सरळ वाढतात, त्यामुळे सडही कमी आणि भावही बरा. खालची जागा मोकळी ठेवायची नाही. तिथे अळू, आलं, थोडी हळद. या तिघींना अर्धी सावली मानवते. श्रावणात अळूच्या पानांना काय मागणी असते ते तुम्हाला सांगायला नको, आणि गटाने वड्यांचे उंडे करून विकले तर पानांपेक्षा कितीतरी जास्त पैसे हातात येतात.

इथे एका गोष्टीत भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगते. उत्साहाच्या भरात कुणी सगळ्या बाजूंनी कीडरोधक जाळी लावून आत काकडी-दोडका लावतं. वेल हिरवागार होतो, फुलं लदलद लागतात आणि फळ धरत नाही. पिवळी पडून बोटाएवढी काकडी गळते. मग खत बदल, औषध मार. कारण साधं असतं: मधमाशी आत येऊ शकत नाही. काकडी, कारलं, दोडका यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. एकीकडून दुसरीकडे पराग नेणारं कुणीतरी लागतं. पॉलिहाउसमध्ये जी काकडी घेतात तिचं बी वेगळं असतं, ती परागाशिवाय धरते आणि त्या बियाण्याचा दामही तसाच असतो. आपल्या गावठी काकडीला चारही बाजू उघड्याच हव्यात. उघड्या सांगाड्याला ज्याची लाज वाटते तोच त्याचा गुण आहे तो असा. (जाळी लावूनच बसला असाल तर हाताने पराग लावावा लागेल. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं. चार वेलांना ठीक आहे, गुंठ्याला कंबर मोडते.)

मग जाळी घालायची कशासाठी? रोपांसाठी. खर्च करायचाच असेल आणि हातात थोडा पैसा आलाच असेल तर तो आम्ही इथे घालायला सांगू. गावात आता घरी तरू टाकणारे कमी झालेत. टोमॅटो, मिरची, झेंडू, कोबी, सगळी रोपं लोक नर्सरीतून आणतात आणि त्यासाठी वीस-तीस किलोमीटर टेम्पो पाठवतात. आपल्या गुंठ्यात वाटा सोडून ९८ कप्प्यांचे तीनशे ट्रे बसतात. म्हणजे एका खेपेला एकोणतीस हजार रोपं. टोमॅटोला एकरी सहा-सात हजार रोपं धरली तर चार एकरांची लागवड झाली, आणि ती रोपं पंचवीस-तीस दिवसांत जागा मोकळी करतात. पहिल्याच वर्षी तीनशे ट्रे भरू नका. पन्नास भरा. शेजारच्या चार शेतकऱ्यांना आधी विचारून, बियाणं त्यांचं आणि रोप करून देण्याची मजुरी आपली, अशी बोली केली तर बी वाया गेल्याचा धोकाही आपल्या अंगावर पूर्ण येत नाही. दसऱ्या-दिवाळीच्या झेंडूची रोपं जुलै-ऑगस्टमध्ये लागतात, तिथून सुरुवात बरी.

रोपांना मात्र दोन्ही लागतात: वर कागद आणि चारही बाजूंनी ४० मेशची जाळी. पावसाचा थेंब ट्रेमधला कोकोपीट उडवतो म्हणून कागद. आणि पांढरी माशी टोमॅटोच्या रोपात पानं मुरडण्याचा रोग सोडून जाते म्हणून जाळी. तो रोग शेतात गेल्यावर दिसतो आणि मग शेतकरी परत आपल्या दारात येतो. दरवाजा दुहेरी हवा, दोन पडदे तरी; एक उघडताना दुसरा बंद. कागद सपाट ताणू नका. एक बाजू दहा फुटांवर, दुसरी साडेसातवर असा उतार द्या आणि तारा जवळजवळ, दोन फुटांवर ओढा. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मधे पाण्याची झोळी होते आणि ती झोळी कागदासकट खाली येते. कागद जिथे पाइपाला टेकतो तिथे पाइपाला पांढरा रंग किंवा कापडाची पट्टी लावा. उन्हात तापलेला पाइप कागदाला तिथेच आधी खातो. आणि कागदाखाली गंधकाची फवारणी टाळा, गंधकाने कागद लवकर कुजतो. हे कागद विकणारे सांगत नाहीत असं नाही, बारीक अक्षरात सांगतात.

रोपवाटिकेसाठी सरकारची एक योजना २०२० मध्ये आली आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची. तिच्या निवडीच्या निकषांत कृषी पदवीधर महिलांना आणि महिला गटांना आधी धरलेलं आहे. आपल्या तालुक्याला यंदा लक्ष्यांक आहे का आणि आधीच अनुदान घेतलेल्या जागेवर ती बसते का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्यायचं. फळझाडांची कलमं विकायची तर मात्र १९६९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो विषय सध्या बाजूला ठेवा.

आता त्या चिंध्यांचं. फाटका कागद पेटवून देणारी माणसं बघितली की जीव जळतो. तो धूर आपल्याच घरात येतो. कागद वरून फाटतो तो जिथे तापतो आणि वाऱ्याने घासतो तिथे. बाकीचे मोठे तुकडे शाबूत असतात. ते कापून, धुऊन ठेवा. त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग एप्रिल-मेमध्ये होतो. रोपांच्या गादीवाफ्याला भरपूर पाणी द्यायचं, वर हा पारदर्शक कागद मातीला चिकटवून पसरायचा, कडा मातीने गच्च दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. खालची माती इतकी तापते की तणाचं बी, सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी बऱ्याच प्रमाणात मरते. औषधाचा खर्च नाही. दुसरा उपयोग अझोल्याच्या खड्ड्याला दुहेरी अस्तर म्हणून. अझोल्याला अर्धी सावलीच लागते, म्हणजे आपल्या मांडवाचा कोपरा. वीतभर खोल खड्डा, चाळलेली माती, शेणकाला, चार बोटं पाणी. पंधरा दिवसांत हिरवी साय धरते. दुभत्या जनावराला किलो-दीड किलो, धुऊन, आंबोणात मिसळून. पेंडीत थोडी काटकसर होते. गांडूळखताचा वाफाही त्याच सावलीत, वर ओली गोणपाटं टाकून.

एक कळकळीची सूचना. पॉलिहाउसवरून काढलेल्या जुन्या कागदावर पापड-कुरडया वाळत घालू नका. त्यावर तीन-चार वर्षं औषधं फवारली गेली आहेत. धुतल्याने ती पूर्ण जातात असं समजू नये. वाळवणासाठी सांगाडा उत्तम आहे. धूळ कमी, वर चिमण्यांसाठी जाळी बांधता येते, अचानक शिंतोडे आले तर एका बाजूचा कागद ओढून घेता येतो. पण अन्नाला लागेल तो कागद आणि कापड नवीनच घ्या. झाकून वाळवत असाल तर वर आणि खाली वारा खेळायला फटी ठेवा, नाहीतर आत वाफ धरते आणि सांडगे बुरसतात.

सांगाडा ठेवावाच असंही आमचं म्हणणं नाही. खांबाच्या बुडाशी, मातीला लागून, हातोडीने हलकेच ठोकून बघा. पापुद्रे सुटले, पाइप आत दबला, तर तो गंजाने पोकळ झालाय. वादळात पायासकट उपटलेले, कमानी पिळवटलेले गाळे वेलाचंही ओझं घेणार नाहीत. भरलेला दुधीचा मांडव पावसात भिजला की भलताच जड होतो. असे गाळे उतरवून विकलेले बरे, आणि आलेल्या पैशांत चांगल्या गाळ्यांची डागडुजी. पण विकताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. कर्ज अजून फिटलेलं नसेल तर सांगाडा बऱ्याचदा बँकेकडे तारण असतो, बँकेला विचारल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. आणि भंगारवाला पाइपाला किलोने भाव देतो, नवा उभा करणारा मात्र चौरस मीटरने पैसे घेतो. या दोन भावांमधली दरी एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे घाई होणार नाही.

आणखी एक हिशेब आहे, तो घरातला. गुंठाभर कोथिंबीर, चार तोडे दोडका, पन्नास ट्रे रोपं. त्याचे पैसे हातात येतात ते किरकोळ, शे-दोनशे करत. असे पैसे घरात कधी विरघळले ते कळत नाही. "तुझं ते भाजीचं" म्हणून त्यातून किराणा येतो, मुलाची फी जाते, पाहुणे उठतात. आणि दिवाळीला कुणीतरी म्हणतं, त्या सांगाड्यातून काही निघत नाही, मोडून टाका. तेव्हा पहिल्या दिवसापासून वेगळी वही घाला. नेट, तार, बी, मजुरी एका बाजूला आणि आपले स्वतःचे तास दुसऱ्या बाजूला. तास लिहायचे, अगदी सकाळचे पाणी घालायचे वीस मिनिटंसुद्धा. विक्रीचे पैसे जमतील तेव्हा स्वतःच्या खात्यावर भरायचे, घरखर्चाला लागले तर तिथून काढून द्यायचे. काढून दिलेले दिसतात, विरघळलेले दिसत नाहीत.

सातबारा बहुतेक त्यांच्याच नावावर असतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगावी काही नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी करून दिल्या. ती लाट ओसरूनही बरीच वर्षं झाली. आज दहा गुंठे नावावर करून द्या म्हणणं किती घरांत चालेल, ते तुम्हालाच ठाऊक. पण कुणी न वापरलेला, तण माजलेला एक गुंठा मागायला तेवढी अडचण पडत नाही. गटाने मिळून करणार असाल तर किती वर्षांसाठी, पाणी कुणाचं, नेट कुणाचं, हे चार ओळींत लिहून सह्या घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या चांगल्या पिकापर्यंतच टिकतं.

सुरुवात कधी करायची म्हणाल तर गवत कापण्यापासून. आत जाताना पायात बूट, हातात काठी. सांगाड्यातल्या गवतात साप-विंचू असतात आणि जुन्या ठिबकच्या नळ्या पायात अडकतात. त्या नळ्या ओढून बाहेर काढा, पाणी सोडून बघा, निम्म्या तरी चालू निघतील. चॅनेलमधल्या झिगझॅग स्प्रिंगा काढून, तेलाचा हात फिरवून एका गोणीत भरून ठेवा. कागद पुन्हा चढवायची वेळ आलीच तर त्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.